बाबांच्या छातीवरची डबी

हृदयाचे ठोके नोंदवायला हॉस्पिटलने दिलेलं मशीन बाबांनी दुसऱ्याच दिवशी भिंतीवर आपटलं. छातीच्या पट्ट्या केसांसकट उपटल्या, वायरी मुठीत गुंडाळल्या आणि डबी गरागरा फिरवून अशी हाणली की भिंतीचा पोपडा निघाला. कारण काय, तर खाज येत होती. आई नुसतं म्हणाली, "अजून एका दिवसाचा तर प्रश्न होता." मग उरलेल्या वायरी तिच्या तोंडावर बसल्या. पुन्हा मारायला हात वर गेला आणि तिथेच थांबला. बाबांचे डोळे फिरले. दाराची चौकट धरून ते खाली बसले आणि घाम पुसत शिव्या देत राहिले. आईने तोंड धुतलं, ओठावरचं रक्त पुसलं आणि त्यांना पाणी नेऊन दिलं.

बाबा ओतकामाच्या कारखान्यात मुकादम होते. तापलेलं लोखंड आणि हाताखालची माणसं एकाच पद्धतीने वळवायची, ही त्यांची ख्याती. निवृत्त झाल्यावर वळवायला घर तेवढं उरलं. धाकटा भाऊ शाळेत असताना त्याच्या कानाखाली त्यांनी असा जाळ काढला की त्या कानाने त्याला आजही ऐकू येत नाही. आईच्या मनगटाचं हाड वाकडं जुळलंय. मला मात्र त्यांनी कधी बोट लावलं नाही. पोरीचे हात माझ्यावर गेलेत, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सोल्डरिंगचा डाख कसा द्यायचा, तुटलेली वायर डोळे मिटून कशी शोधायची, हे त्यांनीच मला शिकवलं. त्यावरच मी घराच्या पुढच्या खोलीत अॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान चालवते.

आता त्यांचं हृदय दगा देत होतं. चांगलं धडधडत असायचं आणि अचानक उधळायचं. डोळ्यांपुढे अंधारी, घाम, कधी सरळ जमिनीवर. डॉक्टरांकडे जाईपर्यंत सगळं शांत, कागदावर रेघ अगदी शहाण्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "हा बिघडलेला ठोका एकदा तरी पकडता आला पाहिजे. त्याशिवाय मी आंधळा आहे." पण मशीन फोडणाऱ्या पेशंटला हॉस्पिटल दुसरं मशीन द्यायला तयार नव्हतं, आणि तिथे भरती व्हायला बाबा तयार नव्हते.

मी म्हटलं, मी बनवते.

डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. नको म्हणाले, मग विचार केला, मग अटी घातल्या. बॅटरीवरच चालवायचं. अंगावर असताना घरच्या विजेशी कसलाही संबंध नको. आणि घरी बनवलेल्या यंत्राने निदान होत नाही. "पेशंट पडला तर पडद्याकडे बघत बसायचं नाही, अँब्युलन्स बोलवायची. तुमची डबी फक्त मला दाखवण्यापुरती." मी हो म्हटलं. मला उगाच सल्ले दिलेले आवडत नाहीत, पण हे सल्ले उगाच नव्हते.

संध्याकाळी धाकटा आला. तो टायरच्या दुकानात काम करतो, बाबा घरात जागे असतील तर उंबऱ्याच्या आत येत नाही. बाबा फिरायला गेले होते. टेबलावर मी हृदयाचे बारीक सिग्नल मोठे करणारी सर्किटची पाटी मांडली होती, नखाएवढी. त्याने विचारलं, मी सांगितलं.

"दुरुस्त करतेस त्याला?" तो म्हणाला. "डोकं फिरलंय का तुझं, ताई?"

"मरू देऊ?"

"मी मरू दे म्हटलं नाही. तू फक्त हात लावू नकोस. अगं, आयुष्यात पहिल्यांदा त्याला अर्ध्यात थांबावं लागतंय. एक मारतो आणि बसतो. आधी कधी बसला होता? त्याचं हृदय आपल्या बाजूने आहे."

मला आधी राग आला, विचार मागून. माझं नेहमीच असं होतं. मी म्हटलं, बाप आहे तो आपला. तर त्याने ती पाटी उचलली, जमिनीवर टाकली आणि टाच ठेवली. काडकन आवाज आला. माझ्या हातात पक्कड होती. ती मी त्याच्या खांद्यावर घातली, हाड लागेल अशी. त्याने माझे केस धरून माझं डोकं टेबलावर दाबलं. तापलेली डाखणी माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होती. आई दारात उभी होती, हातात वाळलेले कपडे. ती ओरडली नाही. "डाखणी बंद करा आधी," एवढंच म्हणाली. धाकट्याने मला सोडलं आणि खांदा दाबत निघून गेला. मी नवी पाटी आणली.

डबी करायला मला फार मजा आली, हेही सांगून टाकते. अॅम्प्लिफायरवाल्यांना एकच शत्रू ठाऊक असतो, घरातल्या विजेची घुरघुर. भिंतीत, पंख्यात, ट्यूबलाइटमध्ये ती भरलेली असते आणि हृदयाचा आवाज तिच्यापुढे मुंगीएवढा. ती गाळायला मी सगळं कसब ओतलं. प्लॅस्टिकची डबी, आत लहान बॅटरी, वर बोटभर पडदा, रेकॉर्डिंगसाठी मेमरी कार्ड. छातीला लावायच्या तिन्ही वायरींत मोठे रेझिस्टर टाकले, म्हणजे आत काही फुटलं तरी बॅटरीचा अंगात जाणारा करंट नगण्य राहील; भिंतीतल्या विजेपुढे मात्र ते टिकले नसते. कंप्युटरला जोडायचं भोक ठेवलंच नाही. रेकॉर्डिंग बघायचं तर कार्ड काढून न्यायचं.

मग चार्जिंगचा प्रश्न. बॅटरी संपली की कोणी ना कोणी आळशीपणा करणारच, वायरी छातीवर असतानाच चार्जर खुपसणार. माणसं असंच करतात, माझं निम्मं दुकान त्यावर चालतं. म्हणून मी पत्र्याची सरकती झडप केली. डावीकडे सरकवली तर वायरींचं भोक उघडं आणि चार्जिंगचं बंद. उजवीकडे सरकवायची तर आधी वायरी उपसून काढाव्या लागतात, नाहीतर पत्रा हलतच नाही. दोन्ही एकदम लागणं शक्य नाही. त्या झडपेवर मी इतकी खूश होते की ती पुन्हा पुन्हा सरकवून बघत होते.

पहिल्यांदा डबी स्वतःच्या छातीवर लावली, पुरता दिवस. मग डॉक्टरांना नेऊन दाखवली. मग घरात सगळ्यांना बसवून समजावलं. बाबा बनियनमध्ये बसले होते, खूश होते. "बघ," ते आईला म्हणाले, "पोरीने बापासाठी काय केलंय. नाहीतर तू." आई मात्र लक्ष देऊन ऐकत होती.

"आणि दोन्ही एकदम लागलं तर?" तिने विचारलं.

"चार्जर धड असेल तर बहुतेक काही होणार नाही. पण तो आतून जळलेला निघाला तर भिंतीतली वीज थेट छातीत. म्हणून तर झडप." मी टेबलाखालच्या खोक्याकडे बोट दाखवलं. लोकांचे बिघडलेले चार्जर मी त्यात टाकते, लाल पट्टी चिकटवून. "तसल्यांतला एखादा चुकून लागला, तर गेला माणूस."

आई म्हणाली, "बरं."

बाबांनी डबी काढली नाही. माझी होती म्हणून काढली नाही, हे मला कळत होतं आणि गोडही वाटत होतं. रोज सकाळी मी डबी सोडवून चार्ज करायचे, कार्ड तपासायचे आणि पुन्हा लावायचे. रेघ सरळ चालत होती. बाबाही सरळ चालत होते, कारण डबीमुळे मी सारखी त्यांच्याभोवती होते.

मग एका सकाळी मी झडप सरकवायला गेले आणि ती अडकली. पत्र्याची कड वर वाकली होती. प्लॅस्टिकवर ओरखडे होते, खोल, कुठल्या तरी टोकदार वस्तूने वरून दाबल्यासारखे. कोणीतरी वायरी लागलेल्या असताना चार्जिंगचं भोक उघडायचा प्रयत्न केला होता. बाबांच्या खाटेखाली मी वाकून बघितलं. भिंतीतल्या सॉकेटजवळ एक चार्जर पडला होता. त्याच्यावर लाल पट्टी होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आदल्या दिवशी दुपारी मी सामान आणायला बाजारात गेले होते आणि धाकटा घरी येऊन गेल्याचं शेजारणीने सांगितलं होतं. बाबा दुपारी औषधाच्या गुंगीत असतात. मला अजून काय पुरावा हवा होता?

टायरच्या दुकानात तो ट्रकचं चाक खोलत होता. मी सरळ आत गेले. तिथली लोखंडी पहार उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. तो चाकावर आडवा पडला. मी पुन्हा उचलली तेव्हा त्याने पाय ओढला, मी पडले, तो माझ्या अंगावर बसला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि माझ्या तोंडावर ठिबकत होतं. दुकानाचा मालक "अरे सोडा, अरे बहीण आहे ना" करत भोवती नाचत होता, मधे यायची त्याची छाती झाली नाही.

"झडप तू वाकवलीस," मी ओरडले. "जळका चार्जर लावायला निघाला होतास. झोपलेल्या माणसाला!"

तो थांबला. डोळे बारीक करून चांगला कान माझ्याकडे केला, मला पुन्हा सांगायला लावलं. मग हसला, रक्ताळलेल्या दातांनी.

"ताई, मला त्याला मारायचं असतं ना, तर हातोडा घेऊन समोरून गेलो असतो. त्याने माझ्याकडे बघावं म्हणून. असा पत्रा उचकटत कशाला बसेन? मी काल आईला पैसे द्यायला गेलो होतो, दारातनंच परतलो." तो माझ्या अंगावरून उठला. "घरात अजून कोण राहतं, तेवढं बघ."

मी घरी परतले. पहारीचं वजन हातांत तसंच होतं.

आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी लाल पट्टीचा चार्जर ओट्यावर ठेवला. तिने बघितला, भांडं पुसून जागेवर ठेवलं, दुसरं घेतलं.

"तू?" मी विचारलं.

"झडप चांगली केलीस," ती म्हणाली. "सुरी घुसली, पण भोक उघडलं नाही. मोडली बघ." तिने टोक तुटलेली सुरी दाखवली.

"आई, खून आहे हा!"

"हळू बोल, ते झोपलेत." मग तिने भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी मागे सरकले. "यांना वायरीने चटका बसू नये, म्हणून तू महिनाभर डोकं घातलंस. वीज येऊ नये म्हणून झडप. आळशीपणा होऊ नये म्हणून झडप. त्यांच्या छातीला किती जपलंस गं. मी या घरात इतकी वर्षं मार खातेय, तुला एकदा तरी वाटलं, आईच्या नि त्यांच्या मधे काही बसवावं? तुला नाही वाटणार. तुला कधी लागलंच नाही."

मला ते लागलं. पहार लागली असती तर कमी लागलं असतं.

आणि बाबा झोपले नव्हते. ते दारात उभे होते, बनियनच्या आतून वायरी, कमरेला डबी. सकाळी सगळं सोडून मी धावत सुटले होते, पण त्याआधी सवयीने डबी परत लावून गेले होते.

"मला मारायला निघालीस?" ते म्हणाले.

ते इतक्या शांतपणे आत आले की मला वाटलं, बोलतील. त्यांनी आईचा वाकडा जुळलेला हात धरला आणि पिरगळला. मग केस धरून तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. भांडी खाली आली. मी त्यांच्या पाठीवर उडी घेतली, दंड धरला, तर त्यांनी मला कोपराने उडवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात मला लागला आणि माझा दात ओठात घुसला. एवढी ताकद त्या आजारी म्हाताऱ्यात होती. आई हाताने कपाळ झाकत होती आणि बोटांमधून रक्त येत होतं. तरी ती म्हणत होती, "मार. मार. अजून मार." ती त्यांच्या कमरेच्या डबीकडे बघत होती.

मग त्यांचा हात सैल पडला. त्यांनी आश्चर्याने इकडे तिकडे पाहिलं आणि ते उभेच्या उभे कोसळले, भांड्यांवर.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडद्याकडे बघू नका. तरी मी पाहिलं. रेघ नव्हती, नुसता गिचमिडा होता. श्वास नव्हता. मी गुडघ्यावर बसले, तळहात छातीच्या मधोमध ठेवले आणि दाबायला लागले. कसं दाबायचं हे मी डबी करताना शिकून घेतलं होतं. दारात सावली पडली. धाकटा माझ्या मागोमाग आला होता, नाकाला फडकं लावून.

"अँब्युलन्सला फोन कर!"

तो हलला नाही. त्याने बाबांकडे पाहिलं, आईच्या कपाळाकडे पाहिलं आणि फोन खिशातच राहिला.

"कर!" मी दाबता दाबता किंचाळले. "अरे, कर!"

"कर फोन," आई म्हणाली. तेव्हा त्याने केला.

माझे हात भरून आले. मी सकाळपासून दोघांशी मारामारी केली होती, खांद्यात जीव नव्हता. आईने मला बाजूला ढकललं. "सरक. मला दे." ती बाबांच्या शेजारी गुडघ्यावर बसली, एक हात वाकडा, एक सरळ, आणि तिने पूर्ण वजन टाकलं. खाली, वर, खाली, वर. बरगडी मोडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, धाकट्यालासुद्धा. ती थांबली नाही. तिच्या कपाळाचं रक्त बाबांच्या बनियनवर पडत होतं. तिचे दात आवळलेले होते आणि प्रत्येक दाबाबरोबर ती काहीतरी पुटपुटत होती, मोजत नव्हती. तिच्या तोंडून एवढ्या शिव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. अँब्युलन्सवाल्यांनी तिला काखेत हात घालून उचललं तेव्हाही तिचे हात हवेत दाबत होते. त्यांनी माझ्या वायरी ओरबाडून फेकल्या आणि बाबांना शॉक दिला. बाबा उसळले. पुन्हा दिला. मग त्यांच्या मशीनवर रेघ चालायला लागली.

मी जमिनीवरून डबी उचलली आणि कार्ड काढून घेतलं.

आईच्या कपाळाला टाके घालून झाल्यावर आम्ही हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसलो. मी विचारलं, "मारायचं होतं तर वाचवलंस का?"

"मला मारता मारता मेला असता," ती म्हणाली, "तर माझं डोकं फोडल्याचं कोणी बोललं नसतं, सगळे म्हणाले असते, बिचारा गेला. मला ते ऐकायचं नव्हतं."

काही दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. बाबा खाटेवर बसले होते, छातीला पट्टा, श्वास घेताना कण्हत होते. डॉक्टरांनी माझ्या कार्डावरचं रेकॉर्डिंग पडद्यावर लावलं होतं. "पकडला," ते म्हणाले. "हेच हवं होतं. इथे ठोका वाढायला लागला, इथे उधळला." मग त्यांनी बाबांना विचारलं, "त्या वेळी तुम्ही काय करत होता?"

"बसलो होतो," बाबा म्हणाले. "पेपर वाचत."

डॉक्टर लिहायला लागले. माझा ओठ अजून सुजलेला होता आणि मी तोंड उघडलं, पण आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"मला मारत होते," ती म्हणाली. "डोकं धरून ओट्यावर आपटत होते. ते लिहा, डॉक्टर."

पेन थांबलं. डॉक्टरांनी तिच्या टाक्यांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग लिहिलं. बाबा म्हणाले, "ए!" आणि उठायला गेले. बरगडीने त्यांना परत बसवलं.

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि सांगितलं की आता छातीत, कातडीखाली, एक यंत्र बसवावं लागेल. ठोका पुन्हा उधळला तर ते आतूनच शॉक देईल. हातपाय चालवायला हरकत नाही, पण राग, आरडाओरडा, अंगावर धावून जाणं, ते यांच्या हृदयाला सोसत नाही, रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसतंय.

"म्हणजे," आई सावकाश म्हणाली, "यांनी पुन्हा कोणावर हात उचलला आणि ठोका उधळला, तर ते यंत्र यांना मारेल?"

"मारेल म्हणजे वाचवेल," डॉक्टर म्हणाले. "पण हो, धक्का जोरात बसतो."

"किती जोरात?"

"छातीत लाथ बसल्यासारखा, असं पेशंट सांगतात. शुद्धीत असले तर कळतो."

बाबा आईकडे बघत होते. मी त्यांना आयुष्यभर ओळखते, पण त्यांचं ते तोंड मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. ते घाबरले होते. आईने पदर नीट केला, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्या अगदी समोर बसली.

"बसवा," ती म्हणाली. "आणि डॉक्टर, तो धक्का कसा असतो ते यांना पुन्हा एकदा सांगा. माझ्यासमोर, सावकाश."